नल्लारबोरच्या तोंडाशी बेत बदलायचाय : कुठे सायकल, कुठे बस, कुठे ट्रेन?

गोदाकाठ (प्रश्न)

मंडळी, माझी ताई आणि तिची मैत्रीण पर्थहून सिडनीला सायकलने निघाल्या आहेत. सध्या कॅलगूर्लीत आहेत. मूळ बेत सगळं अंतर सायकलवर कापायचा होता, पण आता ते जमणार नाही. व्हिसावर ८५०३ ही अट आहे, म्हणजे तिथे राहून मुदत वाढवून मिळणार नाही. परतीचं विमान सिडनीहून १० नोव्हेंबरला. ऑक्टोबरच्या १ तारखेला त्या कॅलगूर्ली सोडतील.

हिशोब असा. कॅलगूर्ली ते नॉर्समन १८७ किमी, नॉर्समन ते सेडूना (म्हणजे नल्लारबोरचं ओसाड पठार) सुमारे १,२००, सेडूना ते पोर्ट ऑगस्टा ४६५, तिथून ॲडलेड ३१०. पुढे किनाऱ्याने मेलबर्न आणि तिथून किनाऱ्यानेच सिडनी, ढोबळ मानाने हजार-हजार. एकूण ४,१०० ते ४,२००. सामानासकट रोजची सरासरी ८५ किमी. विश्रांती वगळून ३४ दिवस धरले तरी २,९०० च्या आसपासच होतात. म्हणजे १,२०० ते १,३०० किमी दुसऱ्या कशाने तरी जावं लागणार.

मनात आलेले पर्याय :
अ) कॅलगूर्लीहून ट्रेनने थेट ॲडलेड.
ब) नल्लारबोरला निघायचं आणि उशीर होतोय असं दिसलं तर मधूनच बस पकडायची.
क) सेडूनापर्यंत सायकल, तिथून ॲडलेडला बस.
ड) नल्लारबोर आणि ॲडलेड पूर्ण करून पूर्वेकडचं सोडायचं.

आणखी एक अडचण आहे. ताईच्या मागच्या चाकाचे स्पोक तुटताहेत, आतापर्यंत तीन गेले, तिन्ही कॅसेटच्या (मागच्या गिअरचकत्यांच्या संचाच्या) बाजूचे. चाक ७००सी, ३२ स्पोक, डिस्क ब्रेक. दुरुस्त करून पुढे जावं की चाकच बदलावं?

लांबपल्ला

'ब' आधी खोडून टाका. नॉर्समन आणि सेडूना यांच्यामध्ये नियमित प्रवासी बस नाही. या पट्ट्यातून जाणाऱ्या एअर (Eyre) हायवेवर पूर्वी धावणारी लांब पल्ल्याची बससेवा कधीच बंद झाली. जुन्या प्रवासवर्णनांत तिचा उल्लेख सापडतो, म्हणून हा घोळ होतो. या १,२०० किमीत एकदा शिरलात की बाहेर पडायचे मार्ग दोनच, स्वतःचे पाय किंवा कुणाची तरी गाडी. म्हणून निर्णय कॅलगूर्लीतच व्हायला हवा. तिथे विमानतळ आहे, पर्थला जाणारी प्रॉस्पेक्टर ट्रेन आहे. नॉर्समनला यातलं काही नाही. तिथून जी बस मिळते ती कॅलगूर्ली किंवा एस्परन्सकडे नेणारी, पूर्वेकडची नव्हे.

'अ'मधली ट्रेन म्हणजे इंडियन पॅसिफिक. ती आठवड्यातून एकदा धावणारी, जेवणखाण-सहलींसकट विकली जाणारी पर्यटकांची गाडी आहे. साध्या बैठकीचा डबा २०१६ मध्ये बंद झाला. भाडं हजारो डॉलर. शिवाय तिचा रूळ महामार्गाला लागून नाही, रुळावरचं कुकसारखं ठिकाण महामार्गाच्या उत्तरेला सुमारे १०० किमीवर आहे. त्यामुळे वाटेत कुठूनतरी चढू हा विचारही सोडा. नल्लारबोर गाळायचंच ठरलं तर कॅलगूर्ली–पर्थ ट्रेन आणि पर्थ–ॲडलेड विमान हे बहुधा स्वस्त पडेल.

माझं मत 'क', आणि सोबत पूर्वेला दोन छोट्या ट्रेन. नल्लारबोर कापण्यासाठीच लोक ऑस्ट्रेलिया ओलांडतात. तो गाळून सेडूना–पोर्ट ऑगस्टाची गव्हाची शेतं सायकलने करणं म्हणजे उलटा सौदा.

१. कॅलगूर्ली ते सेडूना सायकल, सुमारे १,४०० किमी.
२. सेडूना ते ॲडलेड कोच बस, सुमारे ७८० किमी वाचतात.
३. ॲडलेड ते जिलाँग सायकल. वेलिंग्टनला मरे नदी फेरीने ओलांडायची (फुकट आहे, दिवसरात्र चालते), मग कूराँग, माउंट गॅम्बियर, वॉरनम्बूल आणि ग्रेट ओशन रोड. सुमारे ९२० किमी. मेनिंगी ते किंग्स्टन या १४५ किमीत सॉल्ट क्रीकशिवाय काही नाही, पाणी मेनिंगीलाच भरायचं.
४. जिलाँग ते मेलबर्न आणि मेलबर्न ते बेर्न्सडेल व्ही-लाइन (व्हिक्टोरिया राज्याची रेल्वेसेवा) ट्रेन. दोन्ही गाड्या सदर्न क्रॉस स्टेशनवरच मिळतात. सायकल न खोलता, फुकट, जागा असेल तर घेतात.
५. बेर्न्सडेल ते बोमाडेरी सायकल, सुमारे ५९० किमी. पहिले ९६ किमी ऑर्बोस्टपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलवाट आहे, लाकडाच्या ट्रकांपासून सुटका होते. बोमाडेरीहून सिडनीला लोकल, तिच्यातही सायकल तशीच चढते.

बेरीज २,९१० किमी. तुमच्या हिशोबात बसते.

व्ही-लाइनची एक खोच लक्षात ठेवा. रुळांचं काम चालू असेल तर त्या दिवशी ट्रेनऐवजी कोच लावतात, आणि कोचमध्ये सायकल घेत नाहीत. आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच स्टेशनवर जायचं.

स्पोक_आणि_निपल

चाकाबद्दल. कॅसेटच्या बाजूचे तीन स्पोक गेले म्हणजे बाकीचेही त्याच वाटेवर आहेत. स्पोक सहसा वजनाने एका झटक्यात तुटत नाही. ताण कमी असला की चाकाच्या दर फेरीत तो सैल-घट्ट होतो आणि हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकलेल्या कोपऱ्यात धातू थकतो. एक तुटला की शेजारच्यांवर भार वाढतो. नुसते तीन बदलून निघालात तर चौथा बॅलडोनियाच्या अलीकडे जाणार.

नॉर्समनहून निघताना मागच्या चाकावर नेहमीपेक्षा बरंच जास्त वजन येणार आहे, हेही धरा. नॉर्समन ते बॅलडोनिया १९१ किमी, मध्ये काहीही नाही. नाशिकहून निघून जवळजवळ पुण्यापर्यंत एकही टपरी, एकही नळ नाही असं समजा. त्यासाठी माणशी १२ लिटर पाणी लागतं, म्हणजे १२ किलो.

कॅलगूर्लीत सायकलच्या दुकानात दोनपैकी एक करून घ्या.

पहिला पर्याय, हब आणि रिम चांगले असतील तर सगळे स्पोक नवीन घालून चाक पुन्हा बांधणं. २.०–१.८–२.० मिमीचे बटेड स्पोक सांगा, जाड सरळ स्पोक नकोत. मध्ये बारीक असलेला स्पोक थोडा ताणला जातो, त्यामुळे कोपऱ्यावरचा मार कमी होतो. कॅसेटच्या बाजूला ताण ११० ते १२० किलो-बल, मीटरने मोजून. दुसऱ्या बाजूला तो आपोआप कमी येतो, साधारण ६० टक्के. बांधून झाल्यावर समांतर स्पोकांच्या जोड्या हाताने घट्ट दाबून स्थिरावून घेणं आणि पुन्हा ट्रू करणं (चाक डगमगणार नाही असं सरळ करणं), हे झालं का ते विचारा. घाईच्या कामात हीच पायरी गळते.

दुसरा, तयार ३६ स्पोकांचं चाक. मागवण्याआधी चार गोष्टी दुकानदाराला कळवा. ॲक्सल कसला (१३५ मिमी क्विक रिलीज की १४२ मिमी थ्रू), डिस्क सहा बोल्टची की सेंटरलॉक, कॅसेट किती गिअरची, रिमची आतली रुंदी किती. यातलं एक चुकलं तरी चाक पर्थहून परत मागवावं लागेल, आणि त्या वाट पाहण्याची किंमत व्हिसाच्या दिवसांत मोजावी लागेल.

काही झालं तरी सोबत हे असू द्या : कॅसेटच्या बाजूचे ४ स्पोक, डिस्कच्या बाजूचे ३, पुढच्या चाकाचे २ (लांबी वेगवेगळी असते, टेपवर लिहून चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला बांधा), ८ निपल (स्पोक रिमला धरणारे छोटे नट), स्पोकची चावी, आणि कॅसेटचं लॉकरिंग उघडायचं छोटं हत्यार. शेवटचं नसेल तर उजव्या बाजूचे जादा स्पोक असून नसल्यासारखे, कारण कॅसेट न काढता ते हबच्या भोकात जातच नाहीत. केव्हलार दोरीचा तात्पुरता स्पोक मिळाला तर तोही घ्या, तो कॅसेट न काढता बसतो.

फ्रीहब गेलं, म्हणजे पॅडल फिरतंय पण चाक ओढत नाही, तर कॅसेटची सर्वांत मोठी चकती स्पोकांना चार-सहा ठिकाणी जाड झिप-टायने बांधायची. मग पॅडल मारणं मध्येच थांबवता येत नाही, थांबवलं की चेन पुढे ढकलली जाऊन डिरेलर (गिअर बदलणारा भाग) मोडतो. सावकाश पुढच्या रोडहाउसपर्यंत (महामार्गावरचा पेट्रोल-जेवण-मुक्कामाचा थांबा) नेतं, एवढाच त्याचा उपयोग.

पाणी मागे लादू नका. दहा लिटरची पिशवी दोन भागांत करून पुढच्या पॅनिअरमध्ये (चाकाच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीत) तळाशी, बाकीचं फ्रेमवरच्या बाटल्यांत. टायरचे चिमटे विसरू नका. रस्त्याकडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्या टायरमध्ये रुततात आणि बोटांनी निघत नाहीत. तार तशीच ठेवून ट्यूब बदलली की पाच किमीवर पुन्हा पंक्चर.

दक्षिणवारा

लांबपल्ला यांचा मार्ग उत्तम आहे, पण तारखा मांडून बघा. १ ऑक्टोबरला निघून दोन विश्रांती धरल्या तर सेडूना १९-२० ला. सायकल खोक्यात भरणं, बस आणि ॲडलेडमध्ये पुन्हा जोडणी धरून तिथून २२ ला सुटणार. ९२० किमी म्हणजे ११ दिवस, जिलाँग १ नोव्हेंबर. ट्रेनचा दिवस धरून बेर्न्सडेलहून ३ ला निघाल्या तर बोमाडेरी ९ ला संध्याकाळी. विमान १० ला. सिडनीत सायकल खोलून खोक्यात भरायला वेळच उरत नाही, आणि या सगळ्यात वाऱ्याने खाल्लेला एकही दिवस धरलेला नाही.

वारा दिवस खातोच. ऑक्टोबरमध्ये त्या पट्ट्यात चक्र असं चालतं : पश्चिमेकडून थंड हवेची आघाडी येण्याआधी दिवस-दोन दिवस उत्तरेकडून वाळवंटी गरम वारा, पारा झपाट्याने वर, आघाडी सरकली की वारा नैर्ऋत्येला वळतो, गारवा येतो आणि पूर्वेकडे जाणाऱ्याला पाठीवर मिळतो. त्यानंतर वारा आग्नेयेला सरकतो, तो तोंडावर. उन्हाळा जवळ येतो तसा हा आग्नेय वारा वाढत जातो. म्हणून रोज ८५ असा सपाट हिशोब तिथे चालत नाही. पाठीवर वारा असेल त्या दिवशी १३० मारायचे, तोंडावर असेल तर पहाटे चारला निघून अकराला थांबायचं. हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज प्रत्येक रोडहाउसवर बघायचा. उत्तरेचा वारा आणि ३८ अंशांच्या वरचा अंदाज असेल तर त्या दिवशी रोडहाउस सोडायचं नाही. त्या दिवशी बहुधा टोटल फायर बॅनही लागतो, उघड्यावर स्टोव्ह पेटवायला बंदी येते. म्हणून दोन दिवसांचं न शिजवता खाता येईल असं अन्न सोबत हवंच.

त्यामुळे मुख्य मार्गाला दोन फाटे आधीच ठरवून ठेवा.

पहिला यूक्लाला. कॅलगूर्लीपासून सुमारे ९०० किमी. १५ ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत तिथे पोचल्या नाहीत तर यूक्ला किंवा १२ किमी पुढच्या बॉर्डर व्हिलेजवरून सेडूनापर्यंतचे ४९५ किमी कुणाच्या तरी गाडीतून. यूक्लाच का, तर पुढचा बॉर्डर व्हिलेज ते नल्लारबोर रोडहाउस हा १८६ किमीचा टप्पा पुन्हा कोरडा आहे, उशीर झालेला असताना थकलेल्या पायांनी त्यात शिरू नये. एक खंत वाटेल, कारण समुद्राचे कडे याच टप्प्यात आहेत. गाडीवाल्याला एखाद्या ठिकाणी थांबायची विनंती करता येईल.

गाडी कशी मिळते? ट्रकवाल्यांकडे फार आशा ठेवू नका, विम्यामुळे बऱ्याच कंपन्या चालकांना प्रवासी घेऊ देत नाहीत. कॅराव्हॅन ओढणारी निवृत्त जोडपी आणि मोकळ्या हौद्याची यूट गाडी, हे खरे आधार. संध्याकाळी रोडहाउसच्या कॅम्पिंगच्या जागेत विचारायचं, कारण सकाळी सहा-सातला सगळे निघून गेलेले असतात. दोघींना एकच गाडी मिळेल असं नाही. विचारायला जाण्याआधी पॅनिअर उतरवलेले, पुढचं चाक काढून फ्रेमला बांधलेलं आणि चेनवर जुनं कापड गुंडाळलेलं असू द्या. पेट्रोलचे पैसे स्वतःहून द्यायला काढा, तिथे इंधन शहरापेक्षा बरंच महाग असतं. अंधारात निघणारी गाडी मात्र नको. संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात.

दुसरा फाटा वॉरनम्बूलला. तिथून मेलबर्नला थेट व्ही-लाइन आहे. ३० ऑक्टोबरला वॉरनम्बूल गाठलं नसेल तर ग्रेट ओशन रोड सोडायचा आणि तीन दिवस परत मिळवायचे. ग्रेट ओशन रोड करायचाच असेल तर बेर्न्सडेल–बोमाडेरी सोडा आणि मेलबर्न–सिडनी एक्सपीटी ट्रेन घ्या. तिच्यात सायकल खोक्यातच न्यावी लागते आणि जागा मोजक्या, त्या आधी राखून ठेवायच्या. माझा कौल पूर्वेच्या किनाऱ्याला. ग्रेट ओशन रोड अरुंद, वळणांचा आणि पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला. सामान लादलेल्या सायकलीला रस्त्याच्या कडेची जागा फार कमी ठिकाणी मिळते.

लांबपल्ला

दक्षिणवारा यांचा तारखांचा आक्षेप योग्य आहे, दोन फाट्यांचा बेत माझ्यापेक्षा चांगला. रोडहाउसांमधली अंतरं लिहून देतो, ताईंनी हँडलबारच्या पिशवीत ठेवावीत : नॉर्समन–बॅलडोनिया १९१, बॅलडोनिया–केगूना १८२ (यातच १४६.६ किमीचा एकही वळण नसलेला पट्टा), केगूना–कॉकलबिडी ६५, कॉकलबिडी–मदूरा ९२, मदूरा–मुंड्राबिला ११६, मुंड्राबिला–यूक्ला ६६, यूक्ला–बॉर्डर व्हिलेज १२, बॉर्डर व्हिलेज–नल्लारबोर १८६, नल्लारबोर–नंड्रू १४५, नंड्रू–पेनाँग ७९, पेनाँग–सेडूना ७३. मधल्या यालाटावर भिस्त ठेवू नका. वाटेतल्या विश्रांतीच्या जागांवर पावसाच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, पण त्या रिकाम्याही असतात. हिशोबात धरायच्या नाहीत, पाणी मिळालं तर गाळून-उकळून प्यायचं.

घड्याळाचाही घोळ होतो. केगूनाच्या पूर्वेपासून बॉर्डर व्हिलेजपर्यंत लोक पर्थच्या ४५ मिनिटं पुढची स्थानिक वेळ पाळतात, मोबाइल ती दाखवेलच असं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दक्षिण ऑस्ट्रेलियात घड्याळं एक तास पुढे जातात, त्यामुळे बॉर्डर व्हिलेज सोडलं की एकदम पावणेदोन तासांची उडी. रोडहाउसचं स्वयंपाकघर बंद होण्याची वेळ विचाराल तेव्हा कुठल्या घड्याळाची तेही विचारा.

नेटवर्क टेल्स्ट्राचंच घ्या, तेही मुख्यतः रोडहाउसांच्या आसपास. मधल्या भागासाठी ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत मदत मागणारं छोटं यंत्र), नोंदणी करून. यूएचएफ रेडिओ मिळाला तर चॅनेल ४० वर ट्रकवाले बोलतात. मागून रोड ट्रेन (एकापेक्षा जास्त ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) येतेय आणि समोरूनही एक आहे असं दिसलं की रस्ता सोडून खडीवर उतरायचं. त्या ३६ मीटरच्या गाडीला थांबता येत नाही आणि बाजूलाही होता येत नाही.

खोकेबंद

बस आणि विमानासाठी सायकल भरायची पद्धत. सेडूनाला बसचं तिकीट काढताना सायकलची नोंद वेगळी करून घ्या. पोटातल्या सामानाच्या जागेत मावेल तेवढंच नेतात, आणि जागा आहे की नाही हे आयत्या वेळी चालकाच्या हातात असतं. मोठ्या खोक्याची गावात खात्री नाही, म्हणून दोन-तीन दिवस आधी फोन करून ठेवा. काही ठिकाणी चेन झाकून, हँडल वळवून तशीच घेतात.

क्रम असा ठेवा. आधी पॅडल : १५ मिमी पान्याने, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, चुकीच्या दिशेने जोर लावला तर क्रँकचे आटे जातील. मग सीटपोस्टची उंची टेपने खूण करून काढायची. पुढचं चाक काढून फोर्कच्या टोकांमध्ये लाकडाचा तुकडा किंवा दुकानातला प्लास्टिकचा स्पेसर, नाहीतर खोकं आडवं दाबलं गेलं की फोर्क वाकतो. डिस्कच्या कॅलिपरमध्ये पुठ्ठ्याची पट्टी. हायड्रॉलिक ब्रेक असेल आणि चाक काढलेलं असताना कुणी लिव्हर दाबला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात. मागचा डिरेलर ५ मिमी ॲलनने सोडवून फ्रेमच्या आत बांधायचा, केबल तशीच राहू द्यायची. सर्वांत जास्त मोडतो तो डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जोडणारा तुकडा), एक जादा सोबत हवाच. डिस्क चाकापासून वेगळी करता आली तर करा, वाकलेली डिस्क वाटेत सरळ करणं कटकटीचं.

विमान असेल तर गॅसची कॅनिस्टर चालत नाही. पेट्रोलवरचा स्टोव्ह असेल तर बाटली आणि पंप धुऊन, वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच. नुसता वास आला तरी काढून ठेवतात.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईशी आत्ताच बोलणं झालं. चाक उद्या कॅलगूर्लीतच पुन्हा बांधून घेणार, नवीन ३२ स्पोक. यूक्ला १५ ऑक्टोबर आणि वॉरनम्बूल ३० ऑक्टोबर हे दोन्ही फाटे पक्के. पूर्वेच्या किनाऱ्यासाठी ग्रेट ओशन रोड सोडायची तिची तयारी आहे.

शेवटची शंका : थंडीचे कपडे, जादा टायर आणि थोडं खाणं पुढे सेडूनाला पाठवून वजन कमी करता येईल का? आणि वेळ आलीच तर खोक्यातली सायकल पोस्टाने जाते का?

दक्षिणवारा

सायकल पोस्टाने जात नाही. ऑस्ट्रेलिया पोस्टची मर्यादा २२ किलो आणि लांबी १०५ सेंमी, सायकलचं खोकं त्याहून लांब भरतं. तिच्यासाठी मालवाहतूक कंपनी लागते. कपडे आणि खाणं खुशाल पाठवा, सेडूना पोस्ट ऑफिसच्या पत्त्यावर, पोस्ट रेस्टांट म्हणून (म्हणजे पोस्टातच ठेवून घेतात, आपण जाऊन घ्यायचं), पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहून. शनिवार-रविवारी पोस्ट बंद असू शकतं, १९-२० ऑक्टोबरचा वार बघून पोचायचं ठरवा. घड्या घालता येणारा एक जादा टायर मात्र पाठवू नका, तो पाठीशीच हवा.

पार्सलमध्ये ताजी फळं-भाज्या नकोत. सायकलवरच्याही सेडूनाच्या आधी संपवा, तिथल्या फळमाशीच्या नाक्यावर त्या काढून घेतात. पेनाँगला पोचल्यावर पिशव्या एकदा तपासून घ्यायच्या, तळाशी राहिलेला कांदा-बटाटासुद्धा.